तोंडाचे वीस

दवाखान्यातले किस्से रिकाम्या बाटल्यांसारखे साठत जातात. टाकून द्यायला मन होत नाही, फडताळात जागा उरत नाही, आणि एखादीचं बूच उघडलं की वास येतोच! मैत्रिणी जमल्या की म्हणतात, “सुधा, तुमच्या दवाखान्यातलं सांग न काही.” मी सांगते, त्या हसतात. मीही हसते, पण माझे कान लाल झालेले असतात, कारण सगळ्या किश्शांत फजिती एकाच बाईची असते. आज सगळे एकदम सांगून टाकते. शेवटचासुद्धा. तो मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी नुकती बी.एस्सी. झाले होते आणि तुमसरला, राईस मिलच्या रस्त्यावर, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागले होते. डॉक्टरसाहेब साठीचे, आवाज खालचा, राग आला की आणखी खाली जाणारा. त्यांच्या हाताखाली कंपाउंडर वामनभाऊ आणि आता मी. माझं काम एकच: आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ब्लडप्रेशर घ्यायचं आणि कार्डावर लिहायचं. एकशे साठच्या वर असेल तर कार्ड साहेबांच्या टेबलावर. नसेल तर खोकला असो की खरूज, ज्यासाठी आला त्याचं औषध घेऊन माणूस घरी.

प्रेशर पहिल्यांदाच सापडलं तर, अगदी डोक्यावरून पाणी गेलेलं नसेल तर, साहेब त्या दिवशी गोळी देत नसत. तीन वेगवेगळ्या दिवशी बोलवायचे. पाच मिनिटं बाकावर गप्प बसवायचं, मग दोन्ही दंडांवर पट्टा, लघवीची तपासणी, डोळ्यात दिवा धरून आतल्या नसा पाहायच्या. घरात कोणाला लकवा झाला का, मीठ किती, दाताला लावायचा तंबाखूचा गुडाखू किती, सगळं विचारायचं.

“गोळी एकदा लागली का जन्माची लागते,” साहेब म्हणाले. “अन् लागायची असून नाही लागली तर माणूस एक दिवस आंघोळ करता करता पडते. पहिला आकडा तुझा, सुधा. तो चुकला का पुढचं माझं सगळं चुकलं.”

आता मी अशी, की दाराची कडी वाजली तरी दचकते. त्या रात्री... जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी काय झालं ते ऐका.

*

पहिला पेशंट मिलमधला हमाल. दंड एवढा की पट्टा जेमतेम पुरला. मी त्याला म्हटलं, “डोळे मिटून स्वस्थ बसा.” त्यानं मिटले. मी फुगा दाबला, पारा वर गेला, मग हळूहळू सोडायला लागले.

दोनशे. एकशे ऐंशी. आवाज नाही. एकशे पन्नास. आवाज नाही. शंभर, ऐंशी, साठ... काहीच नाही! पारा तळाला गेला. माणूस डोळे मिटून बसलेला. हलत नाही, बोलत नाही.

“साहेब!” मी ओरडले. “साहेब, पळा! हे गेले!”

साहेब आले. वामनभाऊ हातातली बाटली तशीच घेऊन आले. साहेबांनी हमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप गळ्यातच होता. कानात घालायचा राहून गेला होता!

तेवढ्यात हमालानं एक डोळा उघडला. घाबरून विचारलं, “काहून बाई, संपलो का मी?”

*

दुसरा किस्सा लघवीचा, आणि इथेच माझं खरं दुखणं बाहेर पडलं. मला तो शब्द पुरुषासमोर उच्चारता येत नव्हता. कॉलेजात ‘यूरिन’ म्हणायची सोय होती. खेड्यावरच्या माणसाला यूरिन काय कळणार? मग मी आपली युक्ती काढली. बाटली हातात द्यायची, खाली बघायचं आणि म्हणायचं, “उद्या सकाळचं पहिलं पाणी आणा.”

बहुतेकांना कळायचं. वामनभाऊ मागून डोळा मिचकावत आणि ज्याला नाही कळलं त्याला बाहेर नेऊन समजावून सांगत. एक दिवस वामनभाऊ लग्नाला गेले होते.

त्या दिवशी एक म्हातारबा आले होते. प्रेशर एकशे ऐंशी. बाटली घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी काठोकाठ भरून आणली. मी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. गढूळपणा नाही, म्हणजे अल्ब्युमिन नाही. साखर नाही. मी खुशीत ‘निल, निल’ असं लिहिलं आणि कार्ड आत पाठवलं.

साहेबांनी कार्ड पाहिलं, बाटली उजेडात धरली, तिच्यात काचेचा तरंगणारा मोजमापाचा कांडा सोडला. तो थेट साध्या पाण्याच्या खुणेपर्यंत बुडाला.

“बाबा,” साहेब म्हणाले, “हे काय आणलं?”

“पानी आनलो जी, बाईनं सांगतलं थे,” म्हातारबा म्हणाले. “आमच्या बोडीतलं हाये. फाटेलेच उठलो. कोनाचा पाय नाही पडला, का म्हशी नाही उतरल्या. एकदम पहिलं पानी!”

साहेब हसले नाहीत. म्हातारबांना चहा पाजला, नीट समजावलं, दुसरी बाटली दिली. ते गेल्यावर मला आत बोलावलं. आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं.

“शेतातल्या तळ्याला अल्ब्युमिन नाही, हे तू सिद्ध केलंस. शाबास. पण सुधा, या माणसाची मूत्रपिंडं बरी आहेत असं समजून मी त्याला सोडून दिलं असतं. लाजायचं असेल तर घरी लाजायचं. इथं तुझी लाज पेशंटच्या अंगावर निघते.”

पुढे महिनाभर वामनभाऊ रोज सकाळी आल्या आल्या विचारायचे, “ताई, आज कोनत्या बोडीचं तपासाचं हाये?”

*

तिसरा किस्सा तर निव्वळ एका शब्दाचा.

मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या बपेऱ्याहून एक बाई आल्या, चाळिशीच्या आसपास. वरचा आकडा एकशे चौऱ्याहत्तर, खालचा ऐंशी. बाई म्हणाल्या, “काय निंगालं जी?” मी आता लाजायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून ठणठणीत सांगितलं, “तुमचं खालचं ठीक आहे, पण वरचं आहे तुम्हाला. आठवड्यानं परत या.”

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, किती समजूतदार! बीपी किती गंभीर असतं ते एका वाक्यात कळलं यांना!

आठवडा गेला, पंधरा दिवस गेले. बाई आल्या त्या तिसऱ्या आठवड्यात. पट्टा बांधायला मी त्यांचा दंड उघडा केला तर बरोबर तिथंच हे एवढं मोठं ताबीज, वर काळ्या दोऱ्याच्या सात गाठी.

“हे काढा,” मी म्हटलं.

“नाही बाई, मरन आलं तरी नाही!”

“अहो, पण कशासाठी बांधलंय?”

“कायसाठी?” बाई माझ्यावर उखडल्या. “तुमीच तं सांगतलं, मले वरचं हाये म्हनून! बालाघाटच्या बाबाकडं गेलो, थ्यानं दोन कोंबडे मागतले. कोनाची हवा लागली थे बी सांगतलं. आमच्या जेठानीची!”

तिकडे सीमेवर ‘ऊपरी’, म्हणजेच ‘वरचं’, म्हणजे भूतबाधा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या एका शब्दापायी दोन जावांचं बोलणं बंद झालं होतं!

वामनभाऊ गंभीर चेहऱ्यानं पुढे आले. “साहेब, पट्टा भुताच्या वर बांधू का खाली?”

साहेबांनी दुसऱ्या दंडावर बांधला. एकशे बावन्न. काही न बोलता पुन्हा घेतलं. एकशे पन्नास! बाई माझ्याकडे जिंकल्यासारख्या पाहत होत्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि वामनभाऊंना म्हणाले, “त्या बाबाचा पत्ता घेऊन ठेवा.”

*

त्या बाईंपासून साहेबांच्या एक गोष्ट लक्षात आली. मी एकशे सत्तर लिहिलेला माणूस आत जाऊन त्यांच्यापुढे बसला की एकशे पन्नास निघायचा. एकदा, दोनदा नाही, पुष्कळदा. साहेबांच्या टेबलावर कार्डांचा ढीग, बाहेर बाकावर गर्दी, आणि आत निम्मी माणसं धडधाकट!

मशीन बदलून पाहिलं. माझे कान तपासले. शेवटी निदान वामनभाऊंनी केलं.

“साहेब, मशीन नाही बिघडली. ताईचं तोंड पाहा न तुमी. पारा वर चढला का ताई अशा पाहतात, जसा समोरचा आताच मरून राहिला! ज्याचं नाही वाढत थ्याचंही वाढते!”

साहेबांनी मला मशीनसमोर बसवून पुढ्यात आरसा ठेवला आणि वामनभाऊंच्या दंडावर प्रेशर घ्यायला सांगितलं. मी आरशात पाहिलं. भुवया कपाळात, ओठ आत ओढलेले, डोळे विस्फारलेले. खरंच, मीच मला पाहून घाबरले!

“वीस पॉइंट तर या तोंडाचेच आहेत,” साहेब म्हणाले.

ते गमतीनं म्हणाले. वामनभाऊंनी ते पुरतं उचललं. “ताई, आज तोंडाचे वीस का पंचवीस?” बाकावर बसलेले पेशंटही हसायला लागले. मी हसरा चेहरा करून पाहिला, तर एका आजीनं विचारलं, “बाई, दात दुखून राहिला का?”

मग मी एक गोष्ट केली. कोणाला न विचारता. नाहीतरी माझ्या तोंडामुळे वीस वाढतातच, तर ते लिहितानाच कमी करायला काय हरकत आहे? एकशे सत्तर आलं की एकशे पन्नास लिहायचं. गणित सोपं होतं!

साहेबांच्या टेबलावरचा ढीग उतरला. बाकावरची गर्दी ओसरली. तीन आठवड्यांनी साहेब म्हणाले, “सुधा, आता तुझा हात बसला बरं.”

मी खाली मान घालून म्हटलं, “हो साहेब.”

*

पुढचा किस्सा गोविंदरावांचा. स्टेशनच्या रस्त्याला राहायचे, दोर वळायचे. लहानपणी देवी आल्या त्यात दोन्ही डोळे गेले होते. डोकं दुखतं म्हणून पुतण्याचा हात धरून आले.

मला गणित करताना पुटपुटायची सवय आहे. शाळेपासूनची. मी पट्टा बांधला, पारा सोडला आणि नेहमीसारखी पुटपुटले, “एकशे शहात्तर... वजा वीस... एकशे छप्पन.” कार्डावर एकशे छप्पन लिहिलं आणि वामनभाऊंना म्हटलं, “डोकेदुखीची गोळी द्या, झालं यांचं.”

गोविंदराव उठले नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “माझे वीस काहून कापले?”

मी म्हटलं, “कुठं काय?”

“आता तं कापले! मी आयकलं न जी. एकशे शाहत्तर होते, तुमी वीस काढून घेतले.” आणि त्यांनी आवाज चढवला. “ओ डॉक्टरसाहेब! सगळ्याइले पुरे देऊन राहिले, मले आंधरा पाहून वीस कमी काहून?”

बाकावर हशा पिकला. साहेब बाहेर आले. कार्ड पाहिलं.

“कसले वीस?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं, “माझ्या तोंडाचे, साहेब. मला पाहून वाढतात ना... म्हणून मी...”

हशा थांबला. साहेबांनी कार्ड खाली ठेवलं. मग इतक्या हळू बोलले की फक्त मला ऐकू आलं.

“सुधा, यांना दिसत नाही.”

*

गोविंदरावांना साहेबांनी स्वतः तपासलं. एकशे ऐंशी निघालं. तीन फेऱ्या सुरू झाल्या, लघवीही तपासली. (मी ‘लघवी’ म्हटलं. स्पष्ट. सगळ्यांसमोर.) पण मला त्यांनी त्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही.

“ज्यांचे ज्यांचे वीस कापलेस, त्यांची कार्डं काढ.”

चौदा निघाली. चौदा माणसं, ज्यांना मी खोकल्याचं, पायदुखीचं औषध देऊन ‘तुमचं सगळं ठीक आहे’ म्हणून घरी पाठवलं होतं. तेरा जण तुमसरचेच, वामनभाऊंनी सायकल घेऊन चार दिवसांत सगळ्यांना बोलावून आणलं. त्यातल्या नऊ जणांचं खरंच ठीक होतं. चौघांचं नव्हतं. त्या चौघांना मी बाकावर बसलेलं पाहायची, आणि हातातलं काम टाकून त्यांची कार्डं पुन्हा उघडायची.

चौदावं कार्ड करडी गावच्या सुभद्राबाईंचं होतं. पाय मुरगळला म्हणून बाजाराच्या दिवशी आल्या होत्या. वय पन्नास. कार्डावर माझ्या हस्ताक्षरात एकशे चौसष्ट. म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी. खाली माझ्याच अक्षरात टीप होती: ‘आईला लकवा.’ विचारलं होतं मी. लिहिलंही होतं. आणि एकशे साठच्या वर चार असूनसुद्धा, चारच तर आहेत म्हणून, सोडून दिलं होतं!

साहेबांनी प्रेशरची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. “बस सकाळची आहे. तू जा. वामनभाऊ सोबत येतील, पण बोलायचं तू.”

बसमध्ये वामनभाऊंनी एकही गंमत केली नाही. तेच मला सहन होत नव्हतं.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. करडीत उतरलो, घर विचारलं. गल्लीच्या वळणावरून पाहिलं तर सुभद्राबाईंच्या दारात ही गर्दी! बायका, पोरं, दोन म्हातारे, सगळे गोल करून उभे, खाली वाकून पाहत होते. पेटी वामनभाऊंच्या हातात दिली आणि मी कुडाच्या कुंपणाला धरून उभी राहिले. आंघोळ करता करता, असंच वाटलं मला. पडल्या.

वामनभाऊ पुढे गेले, गर्दीत डोकावले आणि परत आले.

“ताई, चला. शेळी व्याली हाये. तीन पिल्लं. सुभद्राबाई बांधीत हाये, रोवाले गेल्या.”

बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात गुडघाभर उभ्या, दहा-बारा बायका ओळीनं रोप लावत होत्या. सुभद्राबाईंच्या नावानं हाक मारली. कंबर सरळ करून एकीनं आमच्याकडे पाहिलं, पदरानं तोंड पुसलं.

“तुमी कोन जी?”

ओळखलंसुद्धा नाही. मी सांगितलं, तुमसरच्या दवाखान्यातून आलो, तुमचं प्रेशर पुन्हा घ्यायचं आहे. ओळीतल्या बायकांनी लगेच सुरू केलं. “जाय वो सुभद्रे, मशीन आली तुह्यासाठी!” “मलेही लावा म्हनावं!”

मोहाच्या झाडाखाली पाच मिनिटं गप्प बसवलं. हात धुवायला लावला. उजव्या दंडावर घेतलं, डाव्यावर घेतलं, पुन्हा उजव्यावर. माझं तोंड कसं झालं होतं देव जाणे. एकशे अठ्ठ्याऐंशी. तेच कार्ड, तोच पेन. मी पूर्ण एकशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

मग मी सांगितलं. सगळं. प्रेशर जास्त आहे, तुमसरला तीन वेळा यावं लागेल, सकाळची पहिली लघवी बाटलीत आणावी लागेल, साहेब डोळे पाहतील, मीठ कमी करावं लागेल, गुडाखू बंद. आणि हे मागेच सांगायला पाहिजे होतं, पण मी आकडा कमी लिहिला. माझ्या हातून चूक झाली. मला माफ करा.

बोलता बोलता मला रडू आलं. वामनभाऊ झाडाकडे पाहत होते. बायका रोवायच्या थांबल्या.

“कमी काहून लिवला?” सुभद्राबाईंनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

“मला वाटलं...” मी पदर तोंडाशी धरला, “तुम्ही माझं तोंड पाहून घाबरल्या. म्हणून वाढलं.”

सुभद्राबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच पाहिल्यासारखं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग ओळीतल्या बायकांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“तुमच्या तोंडाकडं कोन पाहते वो बाई! मले तीनची यस्टी होती. मी पुरा वेळ भितीवरच्या घड्याळीकडं पाहून राहिली होती!”